जेम्स मॅडिसनचीं सभा-टिपणें : एका अस्सल साधनाची चिकित्सा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा चौथा अध्यक्ष जेम्स मॅडिसन (१७५१–१८३६) याची कीर्ति त्याच्या अध्यक्षपदाच्या आठ वर्षांवर (१८०९–१८१७) फारशी अवलंबून नाहीं. त्या कारकीर्दींत इंग्रजांशीं युद्ध झालें, १८१४ च्या ऑगस्टांत शत्रूनें राजधानींत शिरून सरकारी इमारती जाळल्या, आणि अध्यक्षाला शहर सोडून जावें लागलें. त्याच्या नांवाला आज जो मान आहे तो मुख्यतः १७८७ सालच्या एका उन्हाळ्यामुळें आहे. त्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें भरलेल्या परिषदेनें त्या देशाची राज्यघटना तयार केली. मॅडिसन हा त्या परिषदेचा एक प्रमुख सभासद होता. आणि तेथें कोण काय बोललें याचीं सर्वांत सविस्तर टिपणेंही त्याच्याच हातचीं आहेत. म्हणजे पक्षकार तोच आणि साक्षीदारही तोच, असा हा प्रकार आहे.

हीं टिपणें आज वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आहेत. घटनेंतील एखाद्या कलमाचा मूळ हेतु काय होता, असा वाद त्या देशांत निघाला कीं दोन्ही बाजू त्यांचाच आधार शोधूं लागतात. यामुळें तीं कितपत विश्वसनीय आहेत, हा प्रश्न केवळ जुन्या कागदांच्या शोकिनांचा राहत नाहीं. २०१५ सालीं मेरी सारा बिल्डर या विदुषीनें 'मॅडिसन्स हँड' नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध करून या हस्तलिखिताची पानें, शाई व शिवण यांवरून नवी चिकित्सा मांडली. पुढील सालीं त्या ग्रंथास बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालें. बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु अस्सल कागदाच्या पोटांतही निरनिराळ्या काळाचे थर असूं शकतात, ही गोष्ट संग्राहकांच्या ध्यानांत नेहमींच राहते असें नाहीं. ती शिकविणारें इतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. म्हणून त्याची छाननी येथें करण्याचें योजिलें आहे.

(१)

प्रथम टिपणें कशीं झालीं तें पाहूं. परिषदेचें काम २५ मे १७८७ रोजीं सुरू झालें व १७ सप्टेंबर रोजीं संपलें. एकंदर ५५ प्रतिनिधींनीं कमी-अधिक काळ हजेरी लाविली आणि ३९ जणांनीं शेवटच्या मसुद्यावर सही केली. कामकाज गुप्त ठेवण्याचा नियम होता आणि तो बहुतेकांनीं निष्ठेनें पाळला. मॅडिसनचें वय तेव्हां ३६ वर्षांचें होतें. टिपणांसाठीं पुढें लिहिलेल्या प्रस्तावनेंत त्यानें आपली रीत सांगितली आहे. अध्यक्षाच्या समोरची जागा त्यानें धरिली होती. सभासद दोहों बाजूंस असल्यानें सर्वांचें बोलणें ऐकूं येई. स्वतःलाच उमगतील अशा संक्षेपांनीं तो मुद्दे टिपून घेई आणि सभा उठल्यावर किंवा थोड्याच दिवसांत तीं टिपणें विस्तारानें लिहून काढी. एकही दिवस आपण गैरहजर नव्हतों, असें तो म्हणतो. या खटाटोपाचें कारणही त्यानें दिलें आहे. प्राचीन काळच्या राज्यसंघांचा अभ्यास करितांना ते संघ कोणत्या हेतूनें व कोणत्या चर्चेनें बनले याचीं साधनें त्याला मिळालीं नाहींत; आपल्या देशाच्या बाबतींत पुढील पिढ्यांची तशी निराशा होऊं नये, असें त्याला वाटलें.

हेतु स्तुत्य आहे. परंतु या हकीकतीवरूनच दोन मर्यादा उघड होतात. पहिली अशी कीं, हीं टिपणें शब्दशः वृत्तांत नव्हेत. सभा रोज साधारण चार-पाच तास चाले. उलट एका दिवसाचें टिपण मोठ्यानें वाचलें तर बहुधा अर्ध्या तासाच्या आंत संपतें. काय ठेवावयाचें आणि काय गाळावयाचें याची निवड टिपणकारानेंच केली आहे. दुसरी मर्यादा याहून नाजूक आहे. जो मनुष्य उभा राहून बोलत असतो त्याला त्याच वेळीं स्वतःचें भाषण टिपतां येत नाहीं. मॅडिसन तर परिषदेंतील फार बोलणाऱ्यांपैकीं एक होता. तेव्हां त्याच्या स्वतःच्या भाषणांची नोंद ही ऐकलेल्याची नोंद नसून आठवलेल्याची नोंद आहे. इतरांच्या भाषणांस जें प्रामाण्य द्यावयाचें तें याच्या भाषणांस सरसकट देतां येणार नाहीं.

(२)

मॅडिसनच्या कागदांचें मोल ठरविण्यास परिषदेचे दुसरे कागद शेजारीं ठेविले पाहिजेत. परिषदेचा चिटणीस विल्यम जॅक्सन यानें अधिकृत रोजनिशी ठेविली होती. पण तींत ठराव व मतें यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. परिषद संपतांच सुट्या चिठोऱ्या त्यानें जाळून टाकल्या आणि राहिलेले कागद जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्वाधीन केले. वॉशिंग्टननें ते १७९६ त परराष्ट्र-खात्याकडे सोंपविले. पुढें जॉन क्विन्सी ॲडम्स त्या खात्याचा मंत्री असतां त्यानें ती विस्कळित सामग्री जुळविली व १८१९ त ती छापून निघाली.

न्यूयॉर्कचा प्रतिनिधि रॉबर्ट येट्स यानें टिपणें ठेविलीं होतीं. पण तो १० जुलै रोजींच परिषद सोडून गेला. त्याचीं टिपणें १८२१ त प्रसिद्ध झालीं. तीं छापण्यांत एडमंड जने याचा हात होता. हा तोच जने, जो १७९३ त फ्रान्सचा वकील म्हणून अमेरिकेंत आला व जॉर्ज क्लिंटनचा जांवई होऊन तेथेंच राहिला. १८०८ च्या निवडणुकींत मॅडिसनच्या विरुद्ध वापरण्यासाठीं त्यानें या टिपणांतील उतारे एका पत्रकांत आधींच छापले होते. त्या निवडणुकींत क्लिंटनही उमेदवार होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे संपादकाचा हेतु निराळा सांगण्याची गरज राहत नाहीं. ज्या संपादकाचा निवडणुकीशीं असा संबंध होता, त्याच्या छापील प्रतीवर मूळ हस्तलिखिताइतका विश्वास कोणी ठेवूं नये.

तिसरें उदाहरण चार्ल्स पिंकनी याचें. परिषदेच्या आरंभीं यानें घटनेचा एक मसुदा मांडला होता. मूळ कागद मात्र हरवला. ॲडम्सनें विचारणा केली तेव्हां १८१८ च्या डिसेंबरांत पिंकनीनें आपल्याजवळचा एक मसुदा पाठविला आणि तो १८१९ च्या छापील रोजनिशींत समाविष्ट झाला. त्या मसुद्याचें अखेरच्या घटनेशीं इतकें आश्चर्यकारक साम्य होतें कीं मॅडिसनलाही संशय आला. पुढें कागद उजेडासमोर धरून पाहिला असतां त्यांत १७९७ सालचें जलचिन्ह आढळलें. दहा वर्षांनंतर तयार झालेल्या कागदावर १७८७ सालचा मूळ मसुदा असणें शक्य नाहीं. खऱ्या मसुद्याचें स्वरूप विसाव्या शतकाच्या आरंभीं जेम्स विल्सन या दुसऱ्या प्रतिनिधीच्या कागदांतील उताऱ्यांवरून जुळवावें लागलें. जलचिन्ह न पाहतां कागदाचा काल ठरवूं नये, याहून चांगला धडा कोणता असणार?

या सर्वांच्या तुलनेनें मॅडिसनचीं टिपणें पूर्ण आहेत, सलग आहेत, आणि तीं निःसंशय त्याच्याच हातचीं आहेत. म्हणून शंभर वर्षेंपर्यंत तीं प्रमाण मानलीं गेलीं यांत नवल नाहीं.

(३)

आतां १७८७ पासून १८४० पर्यंत या कागदांवर काय काय संस्कार झाले तें पाहूं. १७८९ त मॅडिसननें अधिकृत रोजनिशीचे कागद मिळवून त्यांची नक्कल केली आणि तिच्या आधारें आपलीं टिपणें दुरुस्त केलीं. १७९० नंतरच्या दशकांत टॉमस जेफर्सनच्या सांगण्यावरून जॉन वेल्स एप्स या त्याच्या आप्तानें टिपणांची प्रत उतरून घेतली. जेफर्सनला तीं इतकीं आवडलीं होतीं कीं १८१५ त जॉन ॲडम्सला लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्यांची मोठी वाखाणणी केली आहे. पुढें १८१९ त रोजनिशी व १८२१ त येट्सचें पुस्तक निघाल्यावर मॅडिसननें पुन्हां लेखणी हातीं घेतली. मतांचे आंकडे बदलले, ठरावांचे शब्द बदलले, आणि आपण न टिपलेले कांहीं मुद्दे येट्सच्या पुस्तकांतून घेऊन ओळींच्या मध्यें किंवा समासांत घातले.

मॅडिसन २८ जून १८३६ रोजीं माँटपेलियर येथें वारला. परिषदेच्या सर्व सभासदांत तो शेवटचा उरला होता. आपल्या हयातींत टिपणें प्रसिद्ध होऊं नयेत असा त्याचा निश्चय होता. मृत्युपत्रांत त्यानें तीं पत्नी डॉली हिच्या हवालीं केलीं. त्यांच्या प्रकाशनापासून मोठी रक्कम येईल अशी त्याची अपेक्षा होती व त्या भरंवशावर त्यानें देणग्याही लिहून ठेविल्या होत्या. खाजगी प्रकाशकांकडून तशी रक्कम येण्याचें चिन्ह दिसेना. तेव्हां १८३७ त काँग्रेसनें ते कागद ३०,००० डॉलरांस विकत घेतले. १८४० त हेन्री गिल्पिन याच्या देखरेखीखालीं ते तीन भागांत छापून निघाले.

या छापील प्रतींत मॅडिसनचा अखेरचा दुरुस्त पाठ दिला होता. कोणता शब्द केव्हां बदलला याची खूण वाचकाला मिळत नव्हती. म्हणजे चाळीस वर्षांच्या खाडाखोडीचें हस्तलिखित छापखान्यांतून एकसारखें स्वच्छ होऊन बाहेर पडलें. पहिल्या पिढीच्या इतिहासकारांनीं हाच पाठ १७८७ चा म्हणून वाचला. ही चूक सुधारण्याचें श्रेय मॅक्स फॅरंड यांस आहे. त्यांनीं १९११ त परिषदेच्या सर्व कागदांची तीन भागांची आवृत्ति काढली व मॅडिसनच्या नंतरच्या भरी कोनी कंसांत घालून वेगळ्या दाखविल्या. त्यांना असेंही दिसून आलें कीं कित्येक ठिकाणीं मॅडिसनचा मूळ शब्द बरोबर होता आणि छापील रोजनिशीवर विश्वास ठेवून त्यानें तो चुकीचा केला! दुरुस्तीनें पाठ सुधारतोच असें नाहीं, हें जुन्या प्रती चाळणाऱ्या प्रत्येकास अनुभवानें ठाऊक आहे. येथें तर स्वतः मूळ लेखकच आपल्या पोथीचा सदोष शोधक झाला.

(४)

फॅरंड यांनीं मॅडिसनच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली नव्हती. ती १९५३ त विल्यम क्रॉस्की यांनीं घेतली. राजकीय मतें बदलल्यावर त्यांना साजेसा इतिहास उभा करण्यासाठीं मॅडिसननें टिपणांत हेतुपुरस्सर फेरफार केले, असा त्यांचा आरोप होता. १९८६ त काँग्रेसच्या ग्रंथालयांतील हस्तलिखित-विभागाचे प्रमुख जेम्स हटसन यांनीं परिषदेच्या सर्व साधनांची छाननी करून हा आरोप टिकत नसल्याचें दाखविलें. आमच्या मतेंही तो टिकत नाहीं. एप्सची नक्कल ही अठराव्या शतकाच्या अखेरची आहे. वृद्धपणीं मॅडिसननें काय बदललें तें या नकलेशीं ताडून पाहतां येतें, आणि सगळा ग्रंथ म्हातारपणीं रचलेला नाहीं हें तेवढ्यानेंच सिद्ध होतें.

बिल्डर यांचें म्हणणें क्रॉस्कींपेक्षां सौम्य आहे, पण पुराव्याच्या दृष्टीनें पुष्कळ भारी आहे. त्यांनीं मजकुराबरोबर कागद वाचला. मॅडिसननें टिपणांचीं पानें शिवून ठेविलीं होतीं. हस्तलिखिताच्या शेवटच्या सुमारें चतुर्थांशांतील सुईचीं छिद्रें आधींच्या भागांतील छिद्रांशीं जुळत नाहींत, असें आढळून आलें. त्यावरून व इतर खुणांवरून त्यांनीं असा निष्कर्ष काढला कीं २१ ऑगस्ट १७८७ च्या सुमारास मॅडिसनचें विस्तारानें लिहिणें थांबलें. तो त्या वेळीं समित्यांच्या कामांत गुंतला होता व त्याची प्रकृतीही ठीक नव्हती. पुढील भाग त्यानें कच्च्या टांचणांवरून व रोजनिशीवरून दोन वर्षांहून अधिक काळानें, १७८९ च्या शरदृतूनंतर, लिहून काढला. शिवाय पूर्वार्धांतील आपल्या स्वतःच्या कांहीं भाषणांचीं पानें काढून त्यांजागीं त्यानें नवीं घातलीं, असेंही त्या म्हणतात. टिपणांचा मूळ उद्देशही त्यांच्या मतें निराळा होता. तेव्हां पॅरिसमध्यें वकील असलेल्या जेफर्सनला सभेची हकीकत कळावी आणि स्वतःला डावपेंच आंखतां यावेत, यासाठीं ठेविलेली ती एका सभासदाची राजकीय डायरी होती. पुढच्या पिढ्यांसाठीं केलेलें इतिहासकार्य हें रूप तिला मागाहून मिळालें.

येथें आम्हांस एकच पुस्ती जोडावयाची आहे. शिवणीचा पुरावा लेखनाचा काल सांगतो. लेखकाचा हेतु सांगत नाहीं. उशिरां लिहिलें म्हणजे खोटें लिहिलें, असें होत नाहीं. हेतूचा निर्णय मजकुराच्या अंतर्गत पुराव्यावरून केला पाहिजे. तसा पुरावा दोन्ही बाजूंचा आहे.

(५)

प्रतिकूल पुरावा आधीं घेऊं. निवृत्तीच्या काळांत मॅडिसन आपलीं जुनीं पत्रें परत मिळवून तीं 'नीट' करीत असे. लाफायेतविषयीं जेफर्सनला पूर्वी लिहिलेल्या पत्रांतील न शोभणारीं वाक्यें त्यानें शाईनें खोडलीं आणि एके ठिकाणीं तर जेफर्सनच्या वळणाचें अनुकरण करून अक्षर काढलें, असें त्याच्या चरित्रकारांनीं नोंदविलें आहे. मित्राची लाज राखण्यासाठीं केलेलें हें कृत्य असेल. परंतु जो मनुष्य पत्राच्या बाबतींत असें करूं शकतो तो टिपणांच्या बाबतींत करणारच नाहीं, अशी ग्वाही कोणास देतां येईल?

आतां अनुकूल पुरावा. १७९१ च्या फेब्रुवारींत हॅमिल्टनच्या राष्ट्रीय बँकेला विरोध करितांना मॅडिसननें प्रतिनिधि-सभेंत सांगितलें कीं, संस्थांस सनद देण्याचा अधिकार परिषदेपुढें आला होता व तो फेटाळला गेला, हें आपल्याला चांगलें आठवतें. पण ती सूचना कोणाची होती? टिपणांत १४ सप्टेंबर १७८७ खालीं पाहिलें तर ती खुद्द मॅडिसनचीच आहे! कालवे खोदण्याच्या अधिकाराविषयीं फ्रँकलिननें मांडलेली सूचना वाढवून सनदा देण्याचा अधिकार काँग्रेसला द्यावा, असें त्यानेंच सुचविलें होतें. ही नोंद बिल्डर ज्याला उशिरां लिहिलेला भाग म्हणतात त्याच भागांत आहे. ती त्याच्या पुढील सर्व राजकारणाला गैरसोयीची होती. ती गाळणें त्याच्या हातांत होतें. दुसऱ्या कोणास कळलेंही नसतें. तरीही पुढील ४५ वर्षें तो ती तशीच ठेवून राहिला.

दुसरें उदाहरण याहून मोठें आहे. परिषदेंत मॅडिसनचा सर्वांत आवडता मुद्दा असा होता कीं, घटक-संस्थानांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय विधिमंडळास असावा. परिषदेनें तो मानला नाहीं. १७९८ त व्हर्जिनियाचे ठराव लिहून हाच मॅडिसन संस्थानांच्या हक्कांचा कैवारी झाला, आणि संस्थानांना केंद्राच्या ताब्यांत देऊं पाहणाऱ्या आपल्या जुन्या भाषणांनीं त्याला अडचणींतच आणलें असतें. तीं भाषणें टिपणांत आहेत. शब्द सौम्य केले असतील. मुद्दा पुसलेला नाहीं.

तिसरी गोष्ट टिपणांबाहेरची आहे, पण साक्षीदाराच्या एकंदर सत्यनिष्ठेस पोषक आहे. 'फेडरलिस्ट' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या ८५ निबंधांपैकीं कांहींचें कर्तृत्व हॅमिल्टन व मॅडिसन या दोघांकडेही सांगितलें जाई. १८१८ त मॅडिसननें आपली यादी प्रसिद्ध करूं दिली. हॅमिल्टन तेव्हां हयात नव्हता. १९६४ त मोस्टेलर व वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं लहानसहान शब्दांची वारंवारता मोजून वादग्रस्त बारा निबंध तपासले आणि ते मॅडिसनचेच असा निर्णय दिला. ज्या बाबतींत त्याची साक्ष स्वतंत्र रीतीनें तपासतां आली त्या बाबतींत ती खरी ठरली.

यावरून आमचा निर्णय असा : मॅडिसन बनावट कागद करणारा नव्हे, आपल्या प्रतिष्ठेला जपणारा, पण मुख्य घटना न लपविणारा असा तो साक्षीदार आहे. त्याची साक्ष तीन प्रतींची मानावी. इतरांच्या भाषणांच्या, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या, न बदललेल्या नोंदी पहिल्या प्रतीच्या. ऑगस्टअखेरच्या व सप्टेंबरच्या नोंदी दुसऱ्या प्रतीच्या. आणि त्याच्या स्वतःच्या भाषणांच्या नोंदी, विशेषतः बदललेल्या पानांवरच्या, तिसऱ्या प्रतीच्या.

(६)

ही प्रतवारी म्हणजे नुसती पंडिती हौस नव्हे, हें गुलामगिरीच्या प्रश्नावरून दिसेल. घटनेच्या मूळ मजकुरांत 'गुलाम' हा शब्द कोठेंही नाहीं. परंतु प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांची गणना तीन-पंचमांश प्रमाणानें धरावी, आणि १८०८ पर्यंत त्यांच्या आयातीस काँग्रेसनें बंदी करूं नये, अशीं कलमें आहेत. २५ ऑगस्ट १७८७ च्या टिपणांत मॅडिसननें आपलें मत नोंदविलें आहे : मनुष्यावर मालमत्तेचा हक्क असूं शकतो ही कल्पना घटनेंत मान्य करणें चुकीचें होईल. मॅडिसनच्या सदसद्विवेकाचा हा सर्वांत प्रसिद्ध पुरावा होय. १८४० त टिपणें छापून निघतांच त्यांवर दोन्हीकडून झडप पडली. गुलामगिरीचा कट्टर शत्रु वेंडेल फिलिप्स यानें १८४४ त त्यांतील उतारे छापून घटना ही गुलामांच्या धन्यांशीं केलेला करार आहे असें सिद्ध करण्याचा यत्न केला. घटना मूळांत स्वातंत्र्याच्याच बाजूची आहे असें मानणारे दुसरे लोक २५ ऑगस्टचें हें वाक्य पुढें करूं लागले.

परंतु हें वाक्य ज्या भागांत आहे तो भाग, बिल्डर यांच्या निष्कर्षाप्रमाणें, दोन वर्षांहून अधिक काळानें लिहिलेला आहे. शिवाय तें वक्त्याचें स्वतःचें आहे. म्हणजे आमच्या प्रतवारींत तें दोन्ही कारणांनीं खालीं उतरतें. मॅडिसन असें बोललाच नसेल, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या दिवशींच्या सभागृहांतील शब्द म्हणून त्यावर मोठी इमारत उभारूं नये. त्याच्या विवेकाची परीक्षा करावयाची तर दुसरे कागद आहेत, आणि ते कठोर आहेत. माँटपेलियरच्या जमिनीवर शंभराच्या आसपास गुलाम होते. मृत्युपत्रांत त्यांच्या संमतीवांचून त्यांना विकूं नये अशी इच्छा त्यानें लिहिली. मुक्त मात्र कोणासही केलें नाहीं, आणि डॉलीच्या हातून पुढें विक्री झालीच. त्या घरांत गुलाम म्हणून जन्मलेला पॉल जेनिंग्ज शेवटपर्यंत मॅडिसनच्या सेवेंत होता. त्याला स्वतःची मुक्तता १८४७ त डॅनियल वेब्स्टरच्या मदतीनें मिळवावी लागली. १८६५ त त्याच्या आठवणी लहानशा पुस्तकरूपानें निघाल्या. मॅडिसनच्या चरित्रकारानें टिपणांइतकेंच हें छोटें पुस्तकही हाताशीं ठेविलें पाहिजे; कारण टिपणांत सभागृहांतला मॅडिसन आहे, येथें घरांतला आहे.

(७)

शेवटीं एक गोष्ट राहते, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या टिपणांना घटनेच्या अर्थाचा अखेरचा निवाडा म्हणून वापरण्यांत येतें, त्यांना तसें प्रामाण्य द्यावें असें त्यांच्या लेखकाचें मत नव्हतें. १७९६ त इंग्लंडशीं झालेल्या तहाच्या वादांत वॉशिंग्टननें परिषदेच्या रोजनिशीचा दाखला दिला. त्यावर मॅडिसननें उत्तर दिलें कीं परिषदेनें केला तो केवळ मसुदा होता. त्यांत प्राण आला तो निरनिराळ्या संस्थानांतील लोकांनीं आपल्या संमति-परिषदांतून तो मान्य केला तेव्हां. म्हणून अर्थ शोधावयाचा तर तो मान्यता देणाऱ्यांच्या समजुतींत शोधावा. १८२१ त टॉमस रिची याला लिहिलेल्या पत्रांत त्यानें हेंच पुन्हां सांगितलें : परिषदेंतील वादविवादांस घटनेचा अर्थ लावतांना अधिकारवाणीचें स्थान नाहीं.

हें मत त्याला सोयीचें होतें, असें कोणी म्हणेल. बँकेच्या वादांत त्यानें स्वतःच परिषदेची आठवण सांगितली होती, हेंही दाखवील. तें खरें आहे. १७९१ त जी बँक त्याला घटनाबाह्य वाटली तशाच दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर १८१६ त त्यानें अध्यक्ष म्हणून सही केली. १७९८ चे त्याचे ठराव पुढें साउथ कॅरोलिनाच्या पुढाऱ्यांनीं राष्ट्राचे कायदे धुडकावण्यासाठीं पुढें केले, तेव्हां १८३० त पत्र प्रसिद्ध करवून त्यानें तो अर्थ नाकारला. आपल्याच शब्दांचा अर्थ लोक काय लावितात हें पाहण्याइतकें दीर्घायुष्य त्याला लाभलें. मृत शब्दांवर राज्य चालवूं नये हा धडा त्याला आपल्याच उदाहरणानें मिळाला असावा.

त्याचा खरा राजकीय वारसा या टिपणांत नसून, सत्तेला सत्तेनें आवर घालण्याच्या ज्या रचनेंत तो आहे ती रचना वाचावयास त्याच्या हस्ताक्षराची गरज पडत नाहीं. नागरिकांच्या हक्कांच्या ज्या दहा दुरुस्त्या १७९१ त घटनेस जोडल्या गेल्या, त्यांचा प्रस्ताव ८ जून १७८९ रोजीं त्यानेंच उघड सभेंत मांडला होता. टिपणांचें मोल निराळें आहे : एक राष्ट्र बनतांना शहाणे लोक किती चांचपडले, किती वेळां चुकले व कोणत्या तडजोडी लाजेनें झांकून केल्या, हें त्यांतून दिसतें. तें दिसावयाचें तर खाडाखोडीसकट दिसलें पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. हातीं आलेलें जुनें दप्तर सुबक दिसावें म्हणून त्याची मूळ शिवण उसवूं नये, सुटीं पानें अंदाजानें एकत्र बांधूं नयेत, आणि नक्कल करितांना खोडलेला शब्द गाळूं नये. मॅडिसनच्या टिपणांचा काल अखेर सुईच्या छिद्रांनीं सांगितला. तीं छिद्रें कोणी बुजविलीं असतीं, तर आजही आपण दुरुस्त पाठालाच १७८७ चा पाठ समजून बसलों असतों.